जागतिक हवामान करार आणि आपल्या उसाचे पाणी
(शेतकी विभागाकडून – ऊस विकास अधिकारी)



मागील महिन्यात गटवार शिवारफेरी चालू असताना एका वडीलधाऱ्या सभासदाने आम्हाला भर बांधावर विचारले, "साहेब, ते परदेशात दरवर्षी हवामानाची परिषद भरवतात म्हणे. तिकडे कोट घालून बोलणाऱ्यांचा आणि माझ्या विहिरीचा काय संबंध?" प्रश्न सरळ होता. तिथल्या तिथे जे उत्तर दिले त्याने त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. म्हणून हा विषय नीट मांडावा असे ठरवले. लेख थोडा लांबला आहे. पण शेवटी आपल्या वावरातला हिशेब दिला आहे, तिथपर्यंत वाचावे ही विनंती.

बदलते हवामान दिसते ते पाण्यातच

हवेत कर्बवायू वाढला, पृथ्वी तापली, हे आपण ऐकतो. पण वाढलेला अर्धा-एक अंश आपल्याला हाताला लागत नाही. हाताला लागते ते पाणी. कधी फार, कधी काहीच नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्याच मिरज-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात उसाचे फड पाण्याखाली बुडाले, आणि 2021 च्या जुलैत पुन्हा बुडाले. एकाच राज्यात, पाच वर्षांत, तहान आणि महापूर दोन्ही. प्रत्येक दुष्काळ किंवा पूर हवामान बदलानेच आला असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. दुष्काळ 1972 लाही होता. पण तापलेली हवा जास्त बाष्प धरून ठेवते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. मधल्या उघडिपीत जमीन लवकर वाळते. म्हणजे पावसाची बेरीज तीच राहिली तरी तिची वाटणी बिघडते. आपल्या भाषेत सांगायचे तर पाऊस वर्षाचे बारे नीट देत नाही.

असे असताना जगाच्या हवामान करारांत पाण्याला पहिला मान असायला हवा होता. तसे झाले नाही.

करारात पाणी कुठे होते?

संयुक्त राष्ट्रांचा हवामानविषयक मूळ करार 1992 साली झाला. त्यात सामील देशांची परिषद दरवर्षी भरते, तिला 'कॉप' म्हणतात. 12 डिसेंबर 2015 रोजी पॅरिसला सर्व देशांनी जो करार केला, तो आज या विषयातला मुख्य दस्तऐवज आहे. त्या संपूर्ण करारात 'पाणी' हा शब्द एकदाही आलेला नाही.

असे का झाले? कारणे समजण्यासारखी आहेत.

पहिले, ही सगळी बोलणी धुरापासून सुरू झाली. कोळसा, तेल, कारखाने, मोटारी. किती टन वायू सोडला आणि किती टन कमी केला, हे त्यांचे माप. पाण्याचे काम टनात बसवणे अवघड.

दुसरे, धूर साऱ्या जगाचा असतो, पण पाणी गावाचे, नदीचे, पाटाचे असते. त्याचा कारभार प्रत्येक देशात पाच-सहा खात्यांत वाटलेला. परिषदेला जातात ते पर्यावरण खात्याचे लोक, आणि कालव्याचे दार उघडणारा माणूस तिथे नसतो.

तिसरे, मोठ्या नद्या देशांच्या सीमा ओलांडतात. नाईल, सिंधू, ब्रह्मपुत्रा. पाण्याचा शब्द करारात घातला की वाटपाचे जुने तंटे वर येतील, ही भीती. आपल्याकडे सामाईक विहिरीचा विषय भावकीच्या बैठकीत टाळतात, तसाच प्रकार.

पाण्याची बाजू लावून धरणारे

मात्र गेल्या काही वर्षांत पाण्याच्या क्षेत्रातल्या संस्थांनी आणि पाण्याने गांजलेल्या देशांनी हा विषय लावून धरला. 2021 च्या ग्लासगो परिषदेत त्यांनी एकत्र येऊन पाण्याचे स्वतंत्र दालन मांडले. पुढच्या वर्षी, 2022 च्या नोव्हेंबरात, परिषद इजिप्तमध्ये शर्म-अल-शेखला भरली. इजिप्त हा नाईलच्या एका पाटावर जगणारा देश. तिथल्या मुख्य ठरावात नद्या, पाणवठे व पाण्याशी निगडित निसर्गव्यवस्था राखण्याचे महत्त्व प्रथमच नमूद झाले.

2023 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची खास पाणी परिषद झाली. त्याआधीची अशी परिषद 1977 साली अर्जेंटिनात मार-देल-प्लाता येथे झाली होती. मधे 46 वर्षे गेली! त्याच वर्षी डिसेंबरात दुबईच्या परिषदेत, बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची जी जागतिक उद्दिष्टे ठरली, त्यांत पाणीटंचाई कमी करणे आणि पूर-दुष्काळास तोंड देण्याची ताकद वाढवणे हे उद्दिष्ट घातले गेले. 2024 च्या नोव्हेंबरात बाकू येथे पाण्याविषयी स्वतंत्र जाहीरनामा निघाला. तो ऐच्छिक आहे, कोणावर बंधन नाही. पण 2015 साली जो शब्दच नव्हता, तो आता टेबलावर आला, एवढे खरे.

आपल्या देशाने मात्र पाण्याचा विचार आधीपासून केला होता. 2008 च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात जी आठ अभियाने ठरली त्यांत राष्ट्रीय जल अभियान होते, आणि पाणी वापराची कार्यक्षमता 20 टक्क्यांनी वाढवणे हे त्याचे एक उद्दिष्ट. पॅरिस करारासाठी भारताने दिलेल्या हमीतही शेती आणि जलसंपत्ती यांत जास्त गुंतवणूक करण्याचे कलम आहे.

हा शब्द आल्याने काय फरक पडतो?

फरक पैशात पडतो. हवामानाच्या कामासाठी श्रीमंत देशांनी गरीब देशांना पैसा द्यावा, असे तत्त्व मान्य झालेले आहे. कारण धूर मुख्यतः त्यांचा. 2009 साली कोपनहेगनला त्यांनी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभारण्याचा शब्द दिला; तो आकडा गाठला 2022 मध्ये, दोन वर्षे उशिरा. बाकूला 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर ठरले. हे अपुरे आहे असे भारताने तिथेच सांगितले.

या पैशाचे दोन भाग पडतात. एक, वायू कमी करण्याची कामे: सौर ऊर्जा, पवनचक्क्या वगैरे. दुसरा, बिघडलेल्या हवामानात टिकून राहण्याची कामे: बंधारे, निचरा, पाणीबचत, पूर-संरक्षण. पहिल्या भागाला पैसा लवकर मिळतो, कारण तिथे वीज विकून परतफेड होते. दुसऱ्या भागाचा हात आखडता राहतो. पाण्याची कामे बहुतेक या दुसऱ्या भागात मोडतात. म्हणून पाण्याची बाजू मांडणारे म्हणतात की, पाणी हे दोन्ही भागांत धरा; कारण नीट वापरलेले पाणी वायूही कमी करते.

हे कसे, याचे उत्तम उदाहरण भाताचे. भातात सतत पाणी साठवले की चिखलात हवा राहत नाही आणि मिथेन वायू तयार होतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने एक साधी रीत पुढे आणली. खाचरात भोके पाडलेली नळी रोवायची, पाणी जमिनीखाली सुमारे 15 सेंटिमीटर गेले की मगच पुन्हा पाणी द्यायचे. फुलोऱ्याच्या वेळी मात्र ओढ द्यायची नाही. एवढ्याने मिथेन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त घटते, पाणी वाचते आणि उत्पन्नही टिकते. व्हिएतनामने मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात 2030 पर्यंत 10 लाख हेक्टरवर कमी वायू सोडणारा भात घेण्याचा कार्यक्रम 2023 साली मंजूर केला. म्हणजे पाण्याची एक नळी देशाच्या हवामान धोरणात जाऊन बसली.

आता आपल्या उसाकडे येऊ

ऊस म्हणजे भात नव्हे. पण आपल्यावरचा आरोप सर्वांना ठाऊक आहे: राज्यातल्या लागवडीच्या थोड्याशा क्षेत्रावर ऊस, आणि सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा त्याच्याकडे. या टीकेला नुसता राग हे उत्तर नाही. हिशेब हे उत्तर आहे.

सुरू उसाला पाटपाण्याने सुमारे 250 हेक्टर-सेंटिमीटर पाणी लागते असे धरतात. एक हेक्टरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे एक लाख लिटर. तेव्हा हेक्टरी अडीच कोटी लिटर, एकरी एक कोटी लिटर झाले. एकरी 40 टन ऊस निघाला तर किलोभर उसामागे 250 लिटर पाणी पडले. 11 टक्के उताऱ्याने धरले तर किलोभर साखरेला सुमारे 2,270 लिटर. आता ज्याने ठिबकावर 60 लाख लिटरमध्ये 60 टन काढले, त्याचा किलोभर ऊस 100 लिटरमध्ये तयार झाला. कारखान्याच्या काट्यावर दोघांच्या उसाला भाव एकच, पण विहिरीच्या काट्यावर अडीच पट फरक आहे.

विजेचे पाहू. इथे आम्हाला एक गैरसमज दूर करायचा आहे. ठिबक लावले की वीज वाचतेच, असे आपल्या बैठकांतून सरसकट सांगितले जाते. आम्हीही सांगितले आहे. ते पूर्ण बरोबर नाही. ठिबकाला दाब लागतो, म्हणजे पाणी आणखी 15 मीटर वर चढवल्यासारखे होते. पंप आणि पाइप मिळून 40 टक्के कार्यक्षमता धरून एकरी हिशेब असा:

– विहिरीतून 20 मीटर उपसा: पाटाने 1 कोटी लिटरला सुमारे 1,360 युनिट, ठिबकाने 60 लाख लिटरला सुमारे 1,430 युनिट. वीज वाचली नाही, पाणी वाचले.

– नदीवरून 60 मीटर उपसा: पाटाने सुमारे 4,090 युनिट, ठिबकाने सुमारे 3,070 युनिट. इथे हजारभर युनिट वाचले. युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कर्बवायू धरला तर एकरी 700 किलो वायू कमी झाला.

म्हणून उपसा सिंचन योजनांवरील सभासदांनी ठिबकाचा विचार आधी करावा. जिथे उपसा कमी आहे तिथे ठिबक पाण्यासाठी आणि खतासाठी करावे, वीजबिलाची आशा धरून नव्हे.

तिसरी गोष्ट खताची. सुरू उसाला एकरी 100 किलो नत्र, म्हणजे पावणेपाच पोती युरिया. दिलेल्या नत्रापैकी साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो असे शास्त्रज्ञ धरतात. हा वायू कर्बवायूच्या सुमारे 270 पट तापवणारा. एकरी हिशेब 400 किलो कर्बवायूच्या वर जातो. आणि युरिया टाकून वर तुंब पाणी सोडले की हे प्रमाण आणखी वाढते. म्हणजे जे नत्र आपण पैसे मोजून आणले ते अर्धे खाली वाहून, थोडे वर उडून जाते. पाण्याची चूक आणि खताचा तोटा एकाच सरीत होतो.

आमची एक चूक

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य वाटत नाही. पदविका घेऊन आम्ही नोकरीला लागलो ते दुसऱ्या एका कारखान्याकडे. कालव्याखालचा भाग, काळी भारी जमीन, पाणी मुबलक. टनेज वाढवा, असा वरून आग्रह. आम्ही तरुण होतो, फडाफडातून सांगत सुटलो की पाण्याला हात आखडू नका, पाळी चुकवू नका. पहिली दोन वर्षे ऊस दिसायलाही जोरदार आला. पुढे सखल भागातली वावरे चिबड झाली. उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरे मीठ फुटू लागले. एका सभासदाचे दीड एकराचे रान असे गेले की खोडवा उगवलाच नाही. तो माणूस आम्हाला काही बोलला नाही. बांधावर उभा राहून चपलेने ते पांढरे उकरत राहिला. त्या दीड एकराशिवाय त्याला दुसरे काही नव्हते. मातीत पाण्याबरोबर हवाही लागते हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो, पण वावरात सांगितले नव्हते.

शिरोळ, वाळवा, मिरज या तालुक्यांतली क्षारपड जमीन आपण पाहिलीच आहे. भूमिगत निचऱ्याच्या नळ्या घालून काही जमिनी पुन्हा पिकाखाली आल्या, पण तो खर्च एकट्या-दुकट्याला झेपणारा नाही. पाणी कमी पडून शेतकरी उठतो, तसा पाणी जास्त होऊनही उठतो.

वाचलेले पाणी जाते कुठे?

आणखी एक अवघड प्रश्न. समजा दहा सभासदांनी ठिबक केले आणि 40 टक्के पाणी वाचवले. ते विहिरीत राहिले का? बहुतेक ठिकाणी नाही. त्या पाण्यावर शेजारच्या कोरडवाहू तुकड्यात आणखी ऊस लागला. जगभर अनेक देशांत हेच दिसले आहे. माणूस वाईट म्हणून असे होत नाही. वाचवलेले पाणी आपलेच राहील याची खात्री नसते, म्हणून होते. आपण ठेवले तर शेजारी उपसणार!

याला उत्तर यंत्रात नाही, वाटणीत आहे. ते उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच शोधले होते. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचे, भूमिहीनालाही हक्क द्यायचा आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असे तिथले नियम. उसाच्या कारखान्याच्या अंकात हे लिहिताना आम्हाला संकोच वाटत नाही. तिथल्या पावसाला तेच योग्य होते. धुळे भागातली फड पद्धत तर त्याहून कितीतरी जुनी. 2005 साली राज्याने पाणी वापर संस्थांचा कायदाही केला. जागतिक परिषदेत आज 'सामूहिक जलव्यवस्थापन' म्हणून जे मांडतात, ते आपल्या मातीतले आहे. आपण ते मागे टाकले, एवढेच.

सभासदांनी काय करावे

1) पाणी मोजा. 200 लिटरचे बॅरल पंपाच्या तोंडाशी धरा आणि घड्याळ पाहा. 20 सेकंदांत भरले तर तासाला 36,000 लिटर. किती तास मोटार चालली ते वहीत लिहा. एक कोटी लिटर म्हणजे अशा पंपाचे सुमारे 278 तास. वर्षअखेर बेरीज करा. मोजल्याशिवाय बचत नाही, आणि उद्या पाणीबचतीचा पैसा कुठून आलाच तर ज्याच्याकडे वही आहे त्याचेच नाव लागेल.

2) वाफसा पाहून पाणी द्या. वीज रात्री येते म्हणून मोटार चालू करून झोपणे बंद करा. अडचण आम्हाला कळते, साप-किरडूचे भय असते. पण शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी आळीपाळीने राखण केली तर जमते.

3) सरी साडेचार-पाच फुटांची ठेवा. पाणी टंचाईत एक आड एक सरी भिजवा.

4) पाचट पेटवू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. खोडव्यात सरीत दाबून, टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या कमी होतात आणि धूरही नाही.

5) ठिबक असेल तर ठिबकासारखे चालवा. आठवड्यातून एकदा दिवसभर सोडणे म्हणजे नळीतून पाट काढणेच. दिवसाआड थोडे पाणी, आणि खत त्यातूनच हप्त्याने.

6) चिबड जमिनीत आधी चर काढा, मग लागण करा. निचऱ्यासाठी बांधाला बांध लागून असणाऱ्यांनी एकत्र अर्ज करावा.

7) एका विहिरीवर, एका लिफ्टवर असणाऱ्यांनी लागणीपूर्वी एकत्र बसावे. मार्च ते मे या तीन महिन्यांत किती पाणी असते ते आधी लिहावे, मग उसाचे क्षेत्र ठरवावे. आधी लागण आणि मग पाण्याचा शोध, हा उलटा क्रम आता परवडणार नाही.

कारखान्यानेही आपला वाटा उचलायला हवा. उसात सुमारे 70 टक्के पाणीच असते. 5,000 टन गाळपाला रोज 35 लाख लिटर पाणी उसातूनच आत येते. त्याचा पुरेपूर फेरवापर करून नदीचा उपसा कमी करावा, असे टिपण आम्ही संचालक मंडळापुढे ठेवणार आहोत. सभासदांना उपदेश करायचा आणि आपला नळ उघडा ठेवायचा, हे बरे नव्हे.

शेवटी

ज्यांनी धूर केला त्यांनी आधी हात आवरावा, ही मागणी न्याय्य आहे आणि देश ती मांडत राहील. दोन एकरांच्या शेतकऱ्याने जगाचे पाप फेडावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण विहीर आटली तर ती परिषदेची आटत नाही, आपली आटते.

वडीलधाऱ्या सभासदांना आमचे उत्तर असे: संबंध आहे, पण तो वरून खाली आपोआप येणार नाही. परिषदेत पाण्याचा शब्द आला, आता त्याखाली लिहायला आकडे लागतील. ते आकडे तुमच्या वहीत असू द्या.

पाणी मोजणीची छापील वही प्रत्येक गट ऑफिसात मागून घ्यावी. बॅरल लावून पहिली मोजणी करून देण्यास आमचे ऊस मदतनीस बांधावर येतील. येत्या लागण हंगामापूर्वी ज्या विहिरीवरचे सर्व भागीदार एकत्र बसतील, त्या बैठकीला आम्ही स्वतः हजर राहू. वेळ कळवावी, रात्रीची असली तरी चालेल.